इंदूरची जुनी घरे

गेल्या वैशाखात पुतण्याच्या आग्रहावरून इंदूरला जाण्याचा योग आला. तो तेथे एका कारखान्यात नोकरीस आहे. बारा वर्षे भाड्याच्या खोलीत काढल्यावर जुन्या शहरात स्वतःचे घर घ्यावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. "काका, बयाणा देण्यापूर्वी तुम्ही एकदा डोळ्यांखालून घाला," असे त्याने लिहिले. घरासाठी सूनबाईने आपले दागिने काढून ठेवले होते. तेव्हा जाणे भागच होते.

इंदूर ही होळकरांची नगरी. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर त्यांची राजधानी येथे आली आणि तिच्याबरोबर पुष्कळ मराठी घराणीही स्थिरावली. आजही बाजारात मराठी बोल कानी पडतात. मध्यभागी सात मजल्यांचा राजवाडा उभा आहे. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. १९८४ च्या आगीत त्याचा बराचसा भाग जळाला. पुढील काळात त्याची पुनर्बांधणी झाली. लाकडी घराचे वैभव आणि त्याचे भय, दोन्ही या एकाच वास्तूत दिसतात.

राजवाड्यामागच्या गल्ल्यांत घरे एकमेकांना खांदा लावून उभी आहेत. दोन घरांत भिंत एकच. पुतण्याने पसंत केलेले घर अशाच एका ओळीतील होते. दर्शनी भाग नुकताच रंगविलेला, दारावर सुरेख नक्षी. माझे मन तर उंबऱ्यातच प्रसन्न झाले. परंतु आम्ही सोबत एक वयस्क इंजिनियर नेले होते. ते हसून म्हणाले, "नवा रंग दिसला की मी जुनी भीत अधिक निरखून पाहतो."

त्यांची पाहण्याची रीत वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देतो.

प्रथम त्यांनी तडे पाहिले. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया उथळ असल्यास तिच्याबरोबर घरही हलते. दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे गेलेले तडे ही त्याची खूण. तडा जुना व स्थिर आहे की अजून वाढतो आहे, हे ओळखण्यासाठी त्यावर काचेची पट्टी आडवी पक्की बसवावी. काही महिन्यांत ती फुटली, तर भिंत हलते आहे असे समजावे. म्हणूनच असे घर एकदा उन्हाळ्यात व एकदा भर पावसात पाहावे, असा त्यांचा सल्ला.

नंतर त्यांनी तुळयांची टोके तपासली. तुळई मध्ये धडधाकट दिसते. कुजते ती भिंतीत शिरलेल्या टोकाशी, आणि वाळवीही तेथेच लागते. त्यांनी चाकूचे टोक टोचले. एके ठिकाणी ते लोण्यात शिरावे तसे आत गेले. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर कोणी सिमेंटचा गिलावा केला होता. त्यामुळे आतली ओल बाहेर पडण्यास वाट उरली नव्हती. सामाईक भिंतीविषयी ते म्हणाले, "शेजाऱ्याने उद्या आपले घर पाडले, तर ही भिंत कोणाच्या आधारावर उभी राहील, याचा विचार आजच करा."

शेवटी आम्ही मागच्या चौकात आलो. तेथे फरशी स्वच्छ होती आणि एका कोपऱ्यात मालकाच्या वृद्ध आईची खाट होती. इंजिनियरसाहेबांनी काठीने फरशी ठोकली. कडेला आवाज भरीव आला. खाटेजवळ मात्र तो पोकळ घुमला. आम्ही एकमेकांकडे पाहिले. तेव्हा म्हातारी सहजपणे बोलून गेली, "तिथे आमची विहीर होती. नळ आल्यावर झाकून टाकली."

चौकात क्षणभर कोणी बोलले नाही. इंदूरकरांना विहिरीच्या छताविषयी फार सांगावे लागत नाही. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथील बेलेश्वर महादेवाच्या मंदिरात जुन्या बावडीवर घातलेले छत भाविकांच्या भाराने कोसळले आणि ३६ माणसे प्राणास मुकली. आपल्या पायांखाली बावडी आहे, हे त्यांतील कित्येकांच्या ध्यानीही नसेल.

घरमालक सज्जन होता. त्याने लपविले नव्हते. लहानपणापासून पाहिलेली फरशी त्याला फरशीच वाटत होती. त्याने दुसऱ्याच दिवशी एक लादी उचलविली. खाली लोखंडी तुळया गंजून त्यांचे पापुद्रे सुटले होते, आणि त्याखाली काळोख. आईची खाट त्याने त्याच घटकेस आत हलविली.

पुतण्याने ते घर घेतले नाही. विहीर बुजविणे, तुळया बदलणे, पाया सावरणे हा खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. सूनबाईचे डोळे भरून आले. "हाती आलेले घर गेले, काका," ती म्हणाली. मी तिला काय सांगणार? दागिने तिने पुन्हा पेटीत ठेवले, एवढेच.

कागदपत्रांची गोष्ट त्यांना निघताना सांगून आलो. मागील तीस वर्षांचे दस्त वकिलाकडून पाहून घ्यावेत. सर्व वारसांच्या सह्या आहेत ना, हे पाहावे. आत जुना भाडेकरू असल्यास १९६१ च्या मध्य प्रदेश स्थान नियंत्रण कायद्याचे संरक्षण त्यास आहे काय, हे विचारावे. महानगरपालिकेने घर धोकादायक ठरविले आहे का, रस्तारुंदीत त्याचा पुढचा भाग जाणार आहे का, याची तेथील कचेरीत चौकशी करावी. हे सारे बयाणा देण्यापूर्वी करावे, नंतर नव्हे.

जुनी घरे टाकाऊ आहेत, असा मात्र याचा अर्थ नाही. पॅट्रिक गेडीस या नगररचनाकाराने १९१८ साली इंदूरविषयी दरबारास मोठा अहवाल सादर केला. जुनी वस्ती सरसकट पाडू नये, जरूर तेवढेच काढून बाकीचे सुधारून घ्यावे, असे त्याचे मत होते. ते मला पटते. पण सुधारण्यापूर्वी दुखणे कळले पाहिजे.

आमच्या वसईकडेही बावखले आणि विहिरी बुजवून त्यांवर घरे उठत आहेत. पन्नास वर्षांनी ती घरे कोणी तरी विकत घेईल. कोठे पाणी होते, हे आज ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ते मुलांना सांगून ठेवावे. इंदूरच्या त्या घरात एका म्हातारीला आठवण होती, म्हणून बरे झाले.