तीन राज्यांचा संगम

दिवाळीच्या सुट्टीत मी बाबा आणि तातय्यांबरोबर सोमनूरला गेले होते. (आमच्या घरी तेलुगू बोलतात, म्हणून आजोबांना आम्ही तातय्या म्हणतो.) सोमनूर आपल्याच सिरोंचा तालुक्यात आहे. तिथे गोदावरी व इंद्रावती या नद्यांचा संगम होतो. अलीकडे महाराष्ट्र, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड आणि गोदावरीपलीकडे तेलंगणा.

मोटारसायकलवर आम्ही तिघे. माझे पाय पार बधिर झाले.

शाळेतल्या नकाशात तिथे जाड रेघ आहे. मला वाटले, पाटी असेल, कमान असेल. पण काहीच नव्हते! नुसती वाळू आणि पाणीच पाणी. गोदावरी त्र्यंबकेश्वरहून येते आणि इंद्रावती ओडिशातून. एवढ्या लांबून येऊन दोघी इथे गुपचूप एक होतात.

तातय्या म्हणाले, "मी लहान होतो तेव्हा तिकडे मध्य प्रदेश होता आणि समोर आंध्र. आपला जिल्हासुद्धा चांदा होता." गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला, छत्तीसगड २००० साली आणि तेलंगणा २०१४ साली. तातय्यांची धाकटी बहीण समोरच्या गावात दिली आहे. तिला आम्ही अव्वा म्हणतो. अव्वाने घर बदलले नाही, पण तिचे राज्य बदलले. मला तर हसूच आले.

खरे म्हणजे आम्ही अव्वाला भेटायलाच गेलो होतो. दोन वर्षे झाली, तातय्यांची तिची भेट नाही. पण डोंग्याला भोक पडले होते. डोंगावाला डांबर लावत बसला होता. तो म्हणाला, "आज नाही जमत, उद्या या." बाबांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचे होते. तातय्या काहीच बोलले नाहीत. वाळूत बसून राहिले.

मग बाबांनी फोन लावला. थोड्या वेळाने पलीकडच्या काठावर माणसे दिसली, मुंगीएवढी. त्यातल्या एकीने लाल पदर हलवला. मी ओरडले, "अव्वा! अव्वा!" पण नदी केवढी रुंद, तिला कुठले ऐकू जाणार?

तातय्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ते विचारू लागले, "कुठे आहे गं? कुठे?" मी त्यांचे तोंड धरून बरोबर त्या बाजूला वळवले. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि खूप वेळ हलवत राहिले.

"दिसली का?" मी विचारले.

"दिसली," तातय्या म्हणाले.

पण अव्वा तेव्हा काठ सोडून चालत निघाली होती. मी ते त्यांना सांगितले नाही.

— इयत्ता ४ थी