वडिलांची काठी

वडिलांच्या काठीला भोक पाडावे की नाही, हे ठरविण्यात माझे जवळजवळ एक वर्ष गेले.

वडील वसईचे. संध्याकाळी केळीच्या वाडीतून फेरी मारताना ती भरीव बांबूची काठी त्यांच्या हाती असे. त्यांच्या पश्चात भावंडांनी घरातील वस्तू वाटून घेतल्या, तेव्हा मी तेवढीच मागून घेतली व सांगोल्याला आणली. शिक्षक म्हणून मी या गावी आलो, त्या काळी मिरज-कुर्डुवाडीची नॅरोगेज गाडी येथून धावत असे. पुढे तेथे ब्रॉडगेज आली, मीही निवृत्त झालो. काठी मात्र दाराआडच उभी होती.

निवृत्तीनंतर पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा नाद लागला. आमचा तालुका अवर्षणाचा. डाळिंबाच्या बागा मागे पडल्या, की उघडा माळ लागतो. त्या माळावर धाविक नावाचा पक्षी भेटतो. चार पावले धावावे, थबकावे, पुन्हा धावावे, अशी त्याची रीत. तो थबकलेला क्षण टिपायचा, तर हात स्थिर हवा. आणि माझा हात आता कापू लागला आहे. २०० मिलिमीटरची लेन्स हाती धरायची असेल, तर वेग निदान १/२०० सेकंद ठेवावा, असा ढोबळ नियम आहे. पहाटेच्या उजेडात तो साधत नाही, आणि साधला तरी माझ्या हाताला पुरत नाही. तिपाई घेऊन पाहिली. तिचे पाय उलगडेपर्यंत पक्षी दिसेनासा होई. शिवाय उतारावर गुडघ्यांसाठी काठी हवीच. दोन ओझी कोण वाहणार?

उत्तर रोज डोळ्यांसमोर उभे होते. मेंढरे चरत असताना येथील धनगर काठी पुढे रोवतो, तिच्या टोकावर दोन्ही तळवे ठेवतो, त्यांवर हनुवटी टेकतो आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहतो. त्याचे दोन पाय आणि तिसरा काठीचा! तिपाई आणखी काय असते? मीही पाय फाकून, काठी किंचित पुढे कलती रोवून उभा राहून पाहिले. अर्धा श्वास सोडून बटण दाबले, तर १/५० सेकंदालाही पिसे स्वच्छ उमटू लागली. पण त्यासाठी कॅमेरा काठीवर घट्ट बसायला हवा होता.

अखेर सुताराकडे गेलो. कॅमेऱ्याच्या तळाला पाव इंच जाडीचा, इंचाला वीस आटे असलेला स्क्रू बसतो. तो चार-साडेचार मिलिमीटरच बाहेर ठेवावा; अधिक ठेवला तर आतून कॅमेऱ्याला इजा होते. सुताराने पेरावर, जेथे बांबू सर्वांत घट्ट असतो तेथे, भोक पाडले. मी दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.

खरा अपराध पुढेच घडला, आणि तो माझाच. एप्रिलच्या उन्हात काठी पत्र्याच्या पडवीत विसरलो. वसईच्या दमट हवेत मुरलेला तो बांबू. दोन दिवसांत भोकापासून वीतभर चीर गेली. वडिलांच्या तळव्याने गुळगुळीत झालेली मूठ चिरेच्या दोन्ही अंगांना विभागली गेली होती. भावाला अद्याप सांगितलेले नाही. हा अंक त्याच्या घरी जातो, तेव्हा आता कळेलच. चिरेत एपॉक्सी भरली आणि वर तांब्याची तार पिळून गुंडाळली. तेव्हापासून जोड टिकून आहे.

तेलाचीही एक चूक झाली. आधी खोबरेल चोळले. ते वाळत नाही, त्यावर माळाची धूळ बसून काठी चिकट झाली. जवसाचे तेल हवेत सुकून पातळ कवच धरते. करडईचेही थोडे तसेच आहे, आणि ते आमच्या सोलापूर जिल्ह्यात परके नाही. आता पावसाळ्याच्या आधी व नंतर फडक्याने जवसाचा पातळ हात फिरवतो, उरलेले पुसून घेतो. खालची लोखंडी शेंबी मातीत रुतते, पण काळ्या कातळावर निसटते. म्हणून खडकाळ वाटेवर तिच्यावर रबरी टोपी चढवतो. परतल्यावर टोपी काढून शेंबी कोरडी करायची, नाहीतर आत गंज धरतो.

गेल्या थंडीत माण नदीच्या बाजूला एका वृद्ध मेंढपाळाचे चित्र घेतले. तो स्वतःच्या काठीवर, मी माझ्या. समोरासमोर दोघे सारखेच उभे. कॅमेऱ्यावर चित्र दाखवले. त्यांनी ते बघितल्यासारखे केले आणि माझ्या काठीकडे हात पुढे केला. तार चाचपली, तेल हुंगले. मग स्क्रूवर अंगठा ठेवून म्हणाले, "गुर्जी, काठी झ्याक हाय. पर ह्यो खिळा कशापायी? हनुवटी कुठं टेकायची मग?"

त्या आठवड्यात सुताराकडून बाभळीच्या लाकडाची लहानशी टोपी करून घेतली. आत नट बसवला आहे. कॅमेरा उतरवला, की ती स्क्रूवर फिरवून बसवतो.