मालक नसलेलं सामान

इंदुरात घर बदलायचं ठरलं की लोक आधी सियागंजात रिकामी खोकी शोधायला पळतात. मी म्हणेन, खोकी सगळ्यात शेवटी. आधी एक वही घ्यावी.

स्नेहलतागंजातलं आमचं घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं. तीन भावांचे तीन संसार त्यात झाले, मुलं शिकली, पुण्याला, भोपाळला, बंगळूरला गेली. जाताना प्रत्येकानं काही ना काही मागे ठेवलं. वाटण्या होऊन घर विकायचं ठरलं आणि आम्ही दोघं व सासूबाई अशा तिघांनी स्कीम नंबर 140 मधल्या एका मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, जायचं नक्की केलं, तेव्हा ध्यानात आलं की घरातलं निम्म्याहून अधिक सामान घरात राहणाऱ्यांचं नाहीच. आणि ज्यांचं आहे त्यांना ते आपलं आहे हे आठवतही नाही.

वहीत चार रकाने आखले: वस्तू, कोणाची, नेणार का, कधीपर्यंत. प्रत्येक वस्तूचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, अक्षय्य तृतीयेपर्यंत ज्यानं त्यानं न्यावं, पुढचा निर्णय माझा. सासूबाई म्हणाल्या, "अगं, इतकं रोखठोक लिहू नये, माणसं दुखावतात." कुणी दुखावलं नाही. पुण्याच्या भावजींनी मात्र सगळ्या फोटोंना सरसकट अंगठा दिला. त्या अंगठ्याचा अर्थ पाहिलं, हवंय की टाकून द्या, हे विचारायला शेवटी फोन करावाच लागला.

खरा पेच पडला तो बंबाचा. तांब्याचा बंब, न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभा. मधोमध निखाऱ्याची नळी, खाली राख पडायची जाळी, पितळी तोटीला दोनदा डाग दिलेला आणि एका बाजूला काळसर पोचा. गीझर आल्यापासून त्यात कुणी काडी ओढली नव्हती. फोटो पडताच तिन्ही घरांतून निरोप आले की बंब कुणाला देऊ नका, मोडीत तर मुळीच घालू नका. मग नेतंय कोण? यावर ग्रुप चार दिवस शांत. जुन्या घराचा जिव्हाळा दुसऱ्याच्या गॅलरीत ठेवायला सगळ्यांनाच आवडतं. शेवटी भोपाळच्या जाऊबाईंचं अंगण आहे म्हणून तो त्यांच्याकडे गेला, आता त्यात तुळस आहे म्हणे.

माळा काढला तेव्हा मला पॅट्रिक गेडिसची आठवण झाली. या स्कॉटिश नगररचनाकारानं 1918 मध्ये इंदूर दरबाराला शहराच्या आखणीचा मोठा अहवाल दिला. प्लेगचे दिवस होते. त्यानं टूम काढली की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्यांनी न नेता, ज्या मोहल्ल्यांनी घरं-अंगणं सर्वांत चांगली झाडली असतील तिथून न्यायची. घराघरांतला कचरा फुकट वाहून न्यायची सोयही केली, आणि मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा भलामोठा पुतळा फिरवला. आमच्या माळ्यावरून अशी मिरवणूक नेली असती तर बरं झालं असतं. थर्माकोलची तीन मखरं, वाळवीनं पोखरलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे, पाय मोडलेलं स्टूल, त्याचा पाय वेगळ्या पोत्यात जपून ठेवलेला.

हे सगळं रस्त्याच्या कडेला ठेवून यायची सोय आता इंदुरात उरलेली नाही. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर काढणारं शहर, इथे शेंबडं पोरगंही ओला-सुका कचरा वेगळा करतं. रोजच्या कचरागाडीत मोडकं कपाट कुणी घेत नाही, त्यासाठी महापालिकेच्या 311 अ‍ॅपवर नोंद करावी लागते. बाकीचं अटालेवाल्याला, म्हणजे भंगारवाल्याला. त्यालाही शेवटच्या दिवशी बोलावू नये. घर अर्धं रिकामं दिसलं की त्याला कळतं, आता यांना गरज आहे, आणि रद्दीचा भाव आपोआप उतरतो. घर नांदतं दिसत असताना त्याला बोलवावं. दारातच खुर्ची टाकून बसावं आणि काटा आपल्यासमोर धरायला लावावा.

दिवस ठरवताना एक गंमत झाली. आमच्या दाते पंचांगात वैशाख वद्य पक्ष, पण मल्टीतल्या पंडितजींनी तोच दिवस ज्येष्ठ कृष्ण म्हणून सांगितला. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, त्यामुळे वद्य पक्षात महिन्याचं नाव पंधरा दिवस जुळत नाही. तिथी तीच असते. पण ज्येष्ठ म्हटल्यावर सासूबाई दचकल्या. हे घरातले थोरले, थोरल्याचं शुभकार्य ज्येष्ठात करत नाहीत. मी म्हटलं, आई, आपल्या हिशेबानं वैशाखच आहे की. त्यांना तेवढंच हवं होतं. तीन पिढ्या माळव्यात राहून महिना मात्र आम्ही देशावरचाच धरतो.

मला तिथीपेक्षा नळाची काळजी होती. गल्लीत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. 1978 पासून नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून वर चढवून इंदुरात आणतात, आणि इथल्या गृहिणीचं वेळापत्रक त्यावर चालतं. नळाच्या दिवशी एक माणूस मोटर चालू-बंद करण्यात अडकतो. म्हणून नळाच्या दुसऱ्या दिवशीचा मुहूर्त धरला, म्हणजे टाक्या भरलेल्या आणि सगळे हात मोकळे. मल्टीत पाणी भरपूर, पण बोरिंगचं, खारट. तिथे पिण्याच्या पाण्याचा माठ आदल्या दिवशीच भरून ठेवला. नौतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आलेला. फ्रीज उभाच न्यायचा आणि पोचल्यावर काही तास बंद ठेवायचा असतो, त्यामुळे पहिला दिवस माठावरच निघणार हे ठाऊक होतं.

सामान बांधताना खोल्यांप्रमाणे खोकी भरायची पद्धत मला पटत नाही. नव्या घरात जे आधी लागणार ते वेगळं बांधावं, मग ते स्वयंपाकघरातलं असो की न्हाणीघरातलं. आमच्या पहिल्या खोक्यात चहा-साखर, पातेली, लायटर, पोहे, सासूबाईंची औषधं, पेचकस, दोन बल्ब, एक्स्टेन्शन बोर्ड, चादरी आणि विळी होती. बादली-मग वर सुतळीनं बांधले. हे खोकं ट्रकमध्ये जात नाही, आपल्यासोबत असतं. बाकीच्या खोक्यांवर आत काय आहे ते तर लिहिलंच, कुठे ठेवायचं तेही लिहिलं. हम्मालांना वाचायला वेळ नसतो, म्हणून जाड रंगीत खडूनं दाराच्या चौकटीवर आणि खोक्यावर एकच खूण केली. लाल खूण लाल दारात.

आमच्या गल्लीत आयशर ट्रक वळत नाही आणि दिवसा मोठ्या गाड्यांना शहरात मनाई. त्यामुळे छोटा हाथी (लहान टेम्पो) आणि एक लोडिंग रिक्षा. भाव ठरवताना गाडीवाल्याला एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी: हम्माल किती आणि कितव्या मजल्यापर्यंत. तो प्रश्न खाली रस्त्यावर निघाला की आपलं सामान गाडीत असतं आणि बोलणं त्याचं असतं.

पोलादी कपाटाची उंची-रुंदी मी आधीच मल्टीतल्या लिफ्टशी पडताळून घेतली होती. ते लिफ्टमध्ये मावणार नव्हतं, जिन्यानंच चढवावं लागणार होतं. पण त्याआधी जुन्या घरातून उतरवतानाच ते लाकडी जिन्याच्या वळणावर अडलं. तरुण हम्माल रेटायला लागले, तर त्यातला वयस्क म्हणाला, "रुको, पहले बोरा लाओ." त्यानं ओलं पोतं दुमडून कपाटाच्या खालच्या कोपऱ्याखाली सारलं, स्वतः दोन पायऱ्या खाली उलटा उभा राहिला, कपाळावरचा पट्टा सैल केला आणि कपाट पोत्यावरून हळूच फिरवलं. भिंतीला ओरखडाही नाही. विकलेल्या घराची भिंत, ओरखडा आला असता तरी आमचं काही जाणार नव्हतं, पण सासूबाई खालून बघत होत्या.

देव सासूबाईंच्या मांडीवर, लोणच्याची बरणी माझ्या, आणि कार राजकुमार ब्रिजवरून निघाली. खंडोबाचे टाक त्यांनी रुमालात बांधून पर्समध्ये घातले होते. नव्या घरात दूध उतू घालवायला गॅसचं कनेक्शन जोडलेलं होतं, कारण बदली पत्त्याचं काम मी आधी उरकून घेतलं होतं. गॅस आणि वीज ही दोन कामं राहायला जाण्याआधी, बाकी आधार, बँक, मतदार यादीचा फॉर्म 8 वगैरे नंतर चालतं.

राहिली समग्र आयडी. मध्य प्रदेशात त्याशिवाय कुठल्याच योजनेचं पान हलत नाही. पत्ता आणि वॉर्ड बदलायला पोर्टल उघडलं तर आठ आकडी कुटुंब आयडीखाली तीन नावं नव्हती, चार होती. बंगळूरचा पुतण्या अजून आमच्याच कुटुंबात. शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी कधीतरी जोडला होता, तो निघालाच नाही. आता ई-केवायसीचा ओटीपी त्याच्या मोबाईलवर जातो, आणि आम्ही फोन करतो तेव्हा तो मीटिंगमध्ये असतो. आमचा वॉर्ड बदलून आला, त्याचं नाव काढायचं अजून राहिलंय.