आधी बँकेची सही

काउंटरवर सही जुळवणे हे सहकारी बँकेतल्या माझ्या नोकरीचे रोजचे काम होते. चेक समोर आला की नमुना सहीचे कार्ड काढायचे, शेवटच्या अक्षराची शेपटी बघायची, सहीखालची रेघ बघायची, मगच पास करायचा. कोअर बँकिंग आल्यावर कार्ड गेले आणि सही पडद्यावर दिसू लागली. प्रश्न तोच राहिला : समोरचा ग्राहक खरा आहे ना? बँक खरी आहे ना, असे मात्र इतक्या वर्षांत एकाही ग्राहकाने विचारले नाही. विचारायला कारणच नव्हते. सांगलीच्या भर पेठेतली इमारत, दारावरचा फलक, बंदूक घेतलेला रखवालदार, जाळीमागचा कॅशियर, नावाने हाक मारणारा शिपाई, हे सगळे बघतच माणूस आत यायचा.

निवृत्तीनंतर विश्रामबागेतल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी दुपारी ज्येष्ठ मंडळींना नेटबँकिंग दाखवायचे काम मी अंगावर घेतले, आणि न विचारलेला तो प्रश्न दर वेळी समोर येऊ लागला. मोबाइलवर इमारत नसते. असतो तो फलक, आणि फलक कुणीही रंगवू शकतो.

या खोलीत येणारी माणसे साधी नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई आहेत. हळदीच्या अडतीवर जन्मभर रोजमेळ लिहिलेले दिवाणजी आहेत, ज्यांना एक रुपयाचा फरक झोपू देत नसे. एसटीतून निवृत्त झालेले वाहक आहेत. यजमान गेल्यावर पहिल्यांदाच स्वतःच्या खात्याला हात लावणाऱ्या काकू आहेत. यांना हिशेब कळतो, माणूस कळतो. अडते ते लॉगिनच्या पानावर.

ते पान कुणासाठी बनवले आहे, असा मला नेहमी प्रश्न पडतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना कॅप्चातली वेडीवाकडी अक्षरे वाचायची असतात. त्यातला शून्य की ‘ओ’ हे तरुणालाही सांगता येत नाही. टाइप केलेली अक्षरे चोरणाऱ्या प्रोग्रॅमला सुगावा लागू नये म्हणून पडद्यावरचा कळफलक दिलेला असतो, पण कापऱ्या बोटाने त्यावर मोठे अक्षर आणि लहान अक्षर बदलता बदलता वेळ संपतो आणि पान आपोआप बंद होते. पासवर्ड काही वेळा चुकला की खाते कुलूपबंद. काकूंच्या डोळ्यांत अशा वेळी पाणी आलेले मी पाहिले आहे. त्यांना वाटले, पैसे गेले. ते कुलूप त्यांच्याच पैशांच्या राखणीसाठी आहे, हे सांगणारी एकही मराठी ओळ त्या पानावर नव्हती.

पासवर्डबद्दल एक गोष्ट या वर्गात मी आवर्जून सांगतो. मोठे अक्षर, आकडा, चिन्ह आणि ठरावीक दिवसांनी बदल, ही जी कडक शिस्त जगभर पसरली, तिचा उगम अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २००४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत सापडतो. ती लिहिणारे बिल बर यांनी पुढे, २०१७ मध्ये, त्यातल्या बऱ्याचशा सल्ल्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी निस्टने नियम बदलले : लांबी महत्त्वाची, आणि पासवर्ड फुटल्याची खूण नसेल तर उगाच बदलायला लावू नका. माणसाला वारंवार बदलायला लावले की तो शेवटचा आकडा तेवढा वाढवतो, हे उघड आहे. बाईंनी मग चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी लिपीत जोडून, बँकेला हवा म्हणून एक आकडा आणि एक चिन्ह घालून पासवर्ड केला आणि वहीत लिहून कपाटात ठेवला. वहीत लिहू नका, असे बँका सांगतात. माझे मत वेगळे आहे. परगावी बसून फोन करणारा भामटा बाईंच्या कपाटापर्यंत पोचत नाही. सगळीकडे एकच सोपा पासवर्ड वापरणाऱ्याच्या खात्यापर्यंत मात्र घरबसल्या पोचतो. वही आणि फोन एका पिशवीत घालून बाजारात नेऊ नये, एवढे पथ्य पुरे.

पण पासवर्ड कितीही भक्कम असला, तरी तो खोट्या दारात बोलून दाखवला की संपले. म्हणून या वर्गातला निम्म्याहून अधिक वेळ मी पासवर्डवर नाही, पत्ता वाचण्यावर घालवतो.

वेबसाइटचा पत्ता उजवीकडून वाचायचा असतो. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे पहिली एकटी तिरपी रेघ येते, तिथे बोट ठेवायचे आणि डावीकडे सरकायचे. त्या रेघेच्या लगेच आधी जे येते, ते त्या जागेच्या मालकाचे. त्याच्याही डावीकडे मालक वाटेल ते लिहू शकतो. ‘अमुकबँक डॉट केवायसी-अपडेट डॉट कॉम’ या पत्त्यात अमुक बँक कुठेच नाही; मालक आहे ‘केवायसी-अपडेट डॉट कॉम’ घेऊन बसलेला कुणीतरी. हे समजावताना मी फळ्यावर बऱ्याच रेघोट्या मारल्या होत्या. बाईंनी ते एका वाक्यात सोडवले. ‘‘अहो, पाकिटावरच्या पत्त्यासारखंच आहे की. घराला राजवाडा असं नाव कुणीही देईल, पण तालुका-जिल्हा शेवटी असतो आणि पोस्टमन तो बघतो.’’ त्या दिवसापासून वर्गात कुणी लिंक दाखवली की दिवाणजी विचारतात, ‘‘जिल्हा कुठला?’’

कुलपाच्या चित्राचे काय, असेही लोक विचारतात. कुलूप दिसले की साइट सुरक्षित, हे वर्षानुवर्षे शिकवले गेले. त्या कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यातले बोलणे वाटेत कुणी ऐकू शकत नाही. पलीकडे बसलेला कोण आहे, याची हमी ते देत नाही. खोटी साइटही तसले प्रमाणपत्र फुकट मिळवू शकते. लोकांचा हाच गैरसमज ओळखून गुगलने २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरमधले कुलपाचे चित्र काढून टाकले.

याच जागी रिझर्व्ह बँकेने केलेली एक गोष्ट मला मनापासून मोलाची वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी भारतीय बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा वेगळा पत्ता जाहीर केला आणि पुढे रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत बँकांनी तिकडे जावे, असे बंधन घातले. हा पत्ता देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेनेच उभारलेल्या संस्थेकडे आहे. रस्त्यावरच्या कुणालाही तो विकत मिळत नाही. बाईंच्या भाषेत सांगायचे तर बँकांना आता स्वतःचा जिल्हा मिळाला. मी आमच्या मंडळींना फरक घोटून घेतो : मध्ये टिंब हवे, आडवी रेघ चालणार नाही, ‘बँक डॉट इन’नंतर थेट तिरपी रेघ हवी, पुढे आणखी ‘डॉट कॉम’ नको. बँकेचा बरोबर पत्ता प्रत्येकाने पासबुकावरून किंवा शाखेतून घेतला, स्वतः टाइप केला आणि फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवला. आत जायचे ते त्याच दारातून.

ओटीपीची कथा वेगळी. इंटरनेटवर कार्डाने पैसे भरताना कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक पुरावा हवा, हा नियम रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९पासून लागू केला. अनेक देशांत तेव्हा नुसत्या कार्डाच्या आकड्यांवर खरेदी होत असे. त्या नियमाने असंख्य चोऱ्या टळल्या असतील, यात मला शंका नाही. त्याबरोबर ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे वाक्य घराघरांत गेले.

आमच्या वाहकांनी ते वाक्य तंतोतंत पाळले होते. तरी त्यांचे पैसे गेले.

त्यांनी हे वर्गात सगळ्यांसमोर उभे राहून सांगितले, त्याला धैर्य लागते. एक व्यवहार अडकला होता. त्यांनी मदतीचा क्रमांक इंटरनेटवर शोधला, जो वर आला तो लावला. पलीकडचा माणूस अदबीने बोलला, मराठी बोलला, आणि ‘तपासणीसाठी’ एक अ‍ॅप घ्यायला लावले. त्या अ‍ॅपमुळे फोनचा पडदा पलीकडे जसाच्या तसा दिसू लागला. ‘‘आता नेहमीसारखं लॉगिन करा, मला काही सांगू नका,’’ असे तोच म्हणाला. ‘‘साहेब, आकडा मी तोंडातून काढला नाही,’’ हे वाहक पुन्हा पुन्हा सांगत होते. खरेच काढला नव्हता. आकडा पडद्यावर आला आणि पलीकडच्याने वाचला. अशा अ‍ॅपबद्दलचा इशारा रिझर्व्ह बँकेने बँकांना फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता, पण वाहकांपर्यंत पोचले होते ते फक्त ओटीपीचे वाक्य.

वर्गात कुणी त्यांना नावे ठेवली नाहीत. दिवाणजी उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

वाहकांच्या मुलाने त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, म्हणून एका खात्यात अजून शिल्लक असलेली रक्कम गोठवता आली. उरलेली पुढे सरकली होती. चोरीचे पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांतून झरझर फिरवून काढून घेतले जातात, म्हणून इथे तासांना किंमत आहे. ६ जुलै २०१७च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना बँकेची ना ग्राहकाची, पण तिसऱ्याच कुणीतरी फसवणूक केली असेल आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीच बोजा येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर मर्यादित बोजा येतो. पण पासवर्ड किंवा ओटीपी ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे गेला असे ठरले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाले. पडद्यावरून चोरलेला ओटीपी निष्काळजीपणात मोडतो का, यावर वाहकांची लढाई चालू आहे. माझ्या मते असल्या भामट्याच्या सफाईदार सापळ्याला एका म्हाताऱ्या माणसाचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

वाहकांनी सांगितलेल्या गोष्टीनंतर आमच्या वर्गाचा क्रम बदलला. आधी बँकेने स्वतःला सिद्ध करावे, मग आपण. फोन आला तर तो १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून आहे का, ते बघायचे. बँकांनी व्यवहाराचे कॉल त्याच मालिकेतून करावेत, असे जानेवारी २०२५ मध्ये ठरले. तसा असला तरी फोन ठेवून द्यायचा आणि कार्डाच्या पाठीवरच्या क्रमांकावर आपण फोन लावायचा. लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडायची नाही; ती पत्रिका नसते, आलेले मेसेज वाचणारा प्रोग्रॅम असतो. आणि ओटीपीच्या मेसेजात आकडा शेवटी वाचायचा. आधी वाचायचे, तो कशासाठी आहे : लॉगिनसाठी, नवा लाभार्थी जोडण्यासाठी, की रक्कम पाठवण्यासाठी. आमच्याकडे येणारे बहुतेक मेसेज इंग्रजीत असतात. पैसे भरायच्या त्या मिनिटात काकूंनी इंग्रजी वाक्य उलगडावे, ही अपेक्षा मला मान्य नाही, आणि ते मी बँकांना लेखी कळवले आहे. तोवर काकूंनी वहीत त्या वाक्यांचे नमुने मराठी अर्थासकट उतरवून घेतले आहेत.

बाईंना एका सकाळी मेसेज आला : पॅन जोडले नाही, खाते आज बंद होईल. खाली लिंक. पेन्शनचे खाते, म्हणून त्यांनी घाईने लिंक उघडली. पान हुबेहूब, रंग तेच, चिन्ह तेच, खाली रिझर्व्ह बँकेच्या नावाची सूचनासुद्धा. असली पाने मधल्या दलालासारखी चालतात : तुम्ही भरलेला पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या बँकेत टाकतात, खऱ्या बँकेकडून खरा ओटीपी तुमच्या फोनवर येतो, तो तुम्ही खोट्या पानावर भरता, आणि आत जातो तो दुसराच. बाईंनी पत्त्यावर बोट ठेवून उजवीकडून वाचले. जिल्हा भलताच निघाला. त्यांनी पान बंद केले, आपल्या नेहमीच्या दारातून आत जाऊन शिल्लक पाहिली आणि मेसेजचा फोटो वर्गाच्या गटावर टाकला.

यापुढचा बदल दुसऱ्या पुराव्यात आहे. २५ सप्टेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने नवे निर्देश काढले, त्यांच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६. दोन पुरावे हवेतच, पण दुसरा पुरावा एसएमएसचाच असण्याची सक्ती नाही. अ‍ॅपमधली मंजुरी, बोटाचा ठसा, चेहरा हेही चालेल. खोट्या पानावर भरता येणारा आकडाच उरला नाही, तर ते चांगलेच. पण वाहकांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या आहेत. रेशनच्या यंत्रावरही त्यांचा ठसा लागत नाही. त्यांनी अ‍ॅपमध्ये सहा आकडी पिन ठेवला आहे. काकूंचा ठसा मात्र पहिल्याच वेळी लागला, आणि लगेच त्यांनी विचारले, ‘‘भाऊ, फोनच हरवला तर?’’

त्यावर पुढचा पूर्ण तास गेला. सिम ताबडतोब बंद करायचे, मग बँकेला फोन करून मोबाइल बँकिंग थांबवायचे, आणि सरकारच्या ‘संचार साथी’वर तो हँडसेट बंद करण्याची नोंद करायची. बँकेचा मदत क्रमांक प्रत्येकाने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा, कारण फोनमध्ये साठवलेला क्रमांक फोनबरोबरच जातो. शेजारी १९३० लिहायचा, आणि मुलाचा किंवा सुनेचा क्रमांकही. तो आपल्यापैकी कुणालाच आता पाठ नसतो.