पुण्यातला फ्लॅट आणि लंडनमधला सॉलिसिटर

हॅरो, लंडन

प्रिय सोनू,


क्रॉयडनचं घर तुम्हा दोघांना पसंत पडलं, ऑफरही मान्य झाली, आणि इस्टेट एजंटाने लगोलग ‘आमच्या माहितीतले सॉलिसिटर’ म्हणून एक नाव पुढे केलं, असं तुझ्या आईकडून कळलं. त्या नावाला होकार देण्याआधी हे पत्र वाच. दादालाही, म्हणजे तुझ्या बाबांनाही, वाचून दाखव, कारण यातला मोठा भाग त्याच्याशीच संबंधित आहे.

पुण्यात टोकन देऊन पावती घेतली की व्यवहार ठरला असं सगळे धरून चालतात. इंग्लंडमध्ये ऑफर मान्य झाली तरी कायद्याने कोणीच बांधलं जात नाही. दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या करारांची अदलाबदल होते, त्याला इथे एक्स्चेंज म्हणतात, तोपर्यंत विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो आणि घेणाराही माघार घेऊ शकतो. एक्स्चेंजच्या वेळी साधारण किमतीच्या १० टक्के रक्कम भरायची असते. त्यानंतर मागे फिरलं तर ती बुडते. म्हणून जे काही तपासायचं ते या मधल्या काळात, आणि ते तपासतो सॉलिसिटर.

एजंट सुचवतो ते नाव वाईटच असेल असं नाही. पण गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल एजंटाला अनेकदा पैसे मिळतात, आणि ते किती हे त्याने सांगायला हवं. सरळ विचार. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटरांच्या पेढ्यांना घरखरेदीच्या कामाची फी वेबसाइटवर द्यावी लागते, त्यामुळे दोन-तीन ठिकाणचे दर घरबसल्या पाहता येतात. सॉलिसिटरच हवा असंही नाही. हेच काम करणारे लायसन्स्ड कन्व्हेयन्सर असतात, त्यांची नियामक संस्था वेगळी आहे. दोघांपैकी कोणीही चालेल, मात्र कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनलवर ती पेढी आहे ना, हे आधी पाहा. नसेल तर बँक आपला वेगळा वकील नेमते आणि त्याचा खर्च बहुधा घेणाऱ्याच्याच माथी येतो.

फीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की फाइल प्रत्यक्ष कोण हाताळणार? नाव भागीदाराचं आणि काम भलत्याच कोणाकडे, असं होतं. त्या माणसाशी एकदा फोनवर बोल. तो तुला काय विचारतो याकडे लक्ष दे. ज्याला तुझ्याबद्दल काहीच विचारायचं नाही, त्याला काम देऊ नकोस.

तपासणीला इथे ‘सर्च’ म्हणतात: नगरपालिकेचा, पाणी-मलनिस्सारणाचा, पर्यावरणाचा. हे कंटाळवाणे कागद का वाचायचे, ते वॉर्विकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावी जमीन असलेल्या एका दांपत्याच्या खटल्यातून दिसतं. त्यांच्या शेतजमिनीला शतकांपूर्वीचं एक ओझं चिकटलेलं होतं: गावच्या चर्चच्या एका भागाची दुरुस्ती जमिनीच्या मालकाने करायची. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००३ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. दुरुस्तीचं बिल तेव्हा सुमारे ९५ हजार पौंडांचं होतं, वकिलांचा खर्च वेगळा. ऑक्टोबर २०१३ मध्ये नियम बदलल्यापासून हा धोका बराच कमी झालाय, तरी सॉलिसिटर तो आजही पाहतात.

आता दादाचा फ्लॅट.

कोथरूडचा फ्लॅट घेताना दादाने तुझं नाव दुसरं लावलं. ‘पुढे वारसाची कटकट नको’ म्हणून असं घरोघरी करतात आणि त्यात वावगं काही नाही. पण इंग्लंडच्या स्टॅम्प ड्यूटीच्या कायद्यात पहिलं घर घेणारा म्हणजे ज्याच्या मालकीचं जगात कुठेही, कधीही घर नव्हतं असा माणूस. जोडीने घेताना दोघांनाही ही अट लागू. शिवाय दुसरं घर असणाऱ्याला पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा भरावे लागतात, आणि तिथेही पुण्यातलं घर मोजलं जातं. तुझ्या हिश्श्याची किंमत ४० हजार पौंड किंवा त्याहून जास्त असली की झालं.

एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी हिशोब करून पाहा. ४ लाख पौंडांचं घर पहिलंच असेल तर पहिल्या ३ लाखांवर काही नाही आणि वरच्या १ लाखावर ५ टक्के, म्हणजे ५ हजार पौंड. तेच दुसरं धरलं गेलं तर नेहमीच्या दराने १० हजार आणि जादाचे २० हजार, एकूण ३० हजार. फरक २५ हजार पौंडांचा, तोही खरेदीच्या सरकारी नोंदीतल्या, म्हणजे इंडेक्स टूवरच्या, एका नावामुळे. पैसे सगळे दादाचे, नाव फक्त सोयीसाठी, हे खरं असलं तरी त्याचा पुरावा काय आणि तो इथे कितपत चालेल, हे करसल्लागाराने ठरवायचं. अनेक सॉलिसिटर कराबाबत सल्ला देणार नाही असं आपल्या अटींमध्ये लिहूनच देतात. ताबा मिळाल्यापासून १४ दिवसांत विवरण आणि पैसे दोन्ही भरायचे असतात, आणि चुकीच्या विवरणाची जबाबदारी तुझ्यावर येते. तेव्हा हा विषय पहिल्याच फोनमध्ये काढ.

दादा डिपॉझिटला जी रक्कम देणार आहे, तिचंही तसंच. मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे सॉलिसिटर पैसा आला कुठून हे विचारणारच: दादाची बँक स्टेटमेंट, ओळखपत्र, आणि ही भेट आहे, घरात माझा हिस्सा नाही, असं त्याच्या सहीचं पत्र. प्लॉट विकून पैसे आले असतील तर खरेदीखत मागतील. ते मराठीत असलं तर प्रमाणित भाषांतर लागेल. दादाला हा अविश्वास वाटेल, त्याला नीट समजाव. आणि ही भेट बँकेपासून लपणार नाही, कारण तोच सॉलिसिटर बँकेचंही काम करत असतो.

एक गोष्ट मात्र अजिबात विसरू नकोस. पैसे पाठवायच्या सुमारास ‘आमचं खातं बदललंय’ असा सॉलिसिटरच्या नावाने ईमेल येतो आणि आयुष्यभराची बचत चोराच्या खात्यात जाते. असे प्रकार इथे खूप घडलेत. खाते क्रमांक सुरुवातीलाच समक्ष घे, आणि पाठवण्याआधी तुझ्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून पडताळ.

काम रखडलं किंवा बिघडलं तर आधी त्या पेढीकडे लेखी तक्रार कर; आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ऑम्बुड्समनकडे जाता येतं, आणि त्याला फी पडत नाही.

आज रात्रीच दादाला सांगून कोथरूडच्या फ्लॅटचा इंडेक्स टू मागवून घे. तो हातात आल्याशिवाय एजंटाच्या माणसालाच काय, कोणालाच काम देऊ नकोस.

तुझी,
आत्या