ठेवण्याची जागा

पाच समितींपैकी चौथी समिती आदाननिक्षेपण. वस्तू उचलताना व ठेवताना जागा पाहावी, पुसावी, जिवांना जपावे, हा तिचा सरळ अर्थ. ती मुनींसाठी सांगितली असली, तरी खरी उचलठेव असते ती श्रावकाच्या स्वयंपाकघरात. प्रवासात ओटा सुटतो आणि यत्नाचाराची परीक्षा सुरू होते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका मराठी जैन कुटुंबाने सुट्टीतील मुक्कामांसाठी मोटारीमागे जोडायचा लहानसा ट्रेलर घेतला. आत आजींची निजण्याची सोय, बाकीच्यांसाठी शेजारी तंबू. आजींचा नियम असा, की सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी जेवण आटोपायचे. पहिल्याच मुक्कामी घडीचे मेज उंचसखल गवतावर डगमगू लागले. उकळत्या डाळीचे पातेले दोनदा उतरवावे लागले आणि वेळ टळली. “असू दे रे, सकाळी घेईन,” एवढेच म्हणून आजी जपमाळ घेऊन बसल्या. मुलाने मेज घरीच करण्याचे ठरवले.

पाय जमिनीवर टेकले, की मुंग्यांचा प्रश्न आणि डगमगही. म्हणून मेज ट्रेलरच्या भिंतीलाच बिजागरीने जोडले: ७५ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, १८ मिलिमीटर जाडीच्या जलरोधक प्लायवूडचे. प्रवासात ते भिंतीलगत खाली दुमडते. फळीखाली दोन तिरके आधार असून ते भिंतीवर ३० सेंटिमीटर खाली टेकतात. काठावर १० किलोचे पातेले ठेवले, तर त्याच्यामुळे वरच्या बोल्टांवर सुमारे १५ किलोची बाहेरची ओढ येते. पातळ पत्र्यात बसवलेले स्क्रू ती फार काळ सोसणार नाहीत. म्हणून भिंतीतून आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूस रुंद लोखंडी पट्टी दिली.

सामान निवडताना प्रश्न अधिक बारीक झाला. सुतारकामातला पारंपरिक सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो. चकाकीचे शेलॅक लाखेच्या किड्यांपासून मिळते. कित्येक ब्रशांचे केस डुकराचे असतात. त्याऐवजी कृत्रिम जलरोधक गोंद, पॉलियुरेथेन आणि नायलॉनचा ब्रश घेतला. फळीच्या कडांवर तीन हात दिले, कारण प्लायवूडमध्ये पाणी शिरते ते मुख्यतः कडांतून. आणि ओल राहिली, की बुरशी व कीड आलीच.

एक उणीव उरली. आत कोणी कूस बदलली, की चाकांवरचा ट्रेलर हलतो आणि त्यासोबत मेजही. त्यामुळे शेगडी पेटवण्यापूर्वी चारही कोपऱ्यांचे टेकू खाली सोडणे भाग असते. ते मात्र जमिनीवरच टेकतात. तेथे नातू आधी वाकून जागा पाहतो, मऊ कुंच्याने हळूच झाडतो, मगच टेकू उतरतो.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्रमादाचा उल्लेख आधी येतो, प्राणघाताचा नंतर. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही. प्रमाद मात्र कमी करता येतो. सैल बोल्ट हाही प्रमादच, कारण त्याच्याखाली एखादे मूल उभे असू शकते. म्हणून त्या घरात प्रत्येक प्रवासाआधी पाना घेऊन बोल्ट तपासण्याचा परिपाठ आहे. ऊन तिरपे होण्याआधी मेज उघडते, आजी ते स्वच्छ फडक्याने पुसतात आणि पहिले ताट त्यांच्यासाठी वाढले जाते.