गोल्डन गेटचा वारा आणि कृष्णेचा भोपळा

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तर किनाऱ्यावर क्रिसी फील्ड नावाचे विस्तीर्ण मैदान आहे. पाण्याकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला 1937 साली खुला झालेला गोल्डन गेटचा केशरी पूल आणि उजवीकडे अल्काट्राझचे बेट दिसते. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचे अंतर्गत खोरे तापते, तेथील हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी थंड समुद्रावरचा वारा पुलाखालच्या अरुंद वाटेने आत घुसतो. भर जुलैत दुपारी तीन वाजता मी तेथे कानटोपी घालून उभा होतो!

समोर पाण्यावर पंधरा-वीस मोठे पतंग उडत होते. प्रत्येक पतंगाच्या दोरांना एकेक माणूस कमरेच्या पट्ट्याने जोडलेला आणि पायाखाली एक फळी. नवल असे, की काहींच्या फळ्या पाण्याला टेकतच नव्हत्या. पाण्यापासून दोन-तीन फूट वर, कसलाही आवाज न करता, त्या तरंगत पुढे जात होत्या. कन्येने समजावून सांगितले, “बाबा, फळीच्या खाली एक दांडी असते आणि दांडीच्या टोकाला विमानासारखे पंख. ते पंख पाण्यात उडतात. याला हायड्रोफॉइल म्हणतात.” हाच खेळ 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रथमच समाविष्ट झाला आणि त्याच्या शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या, हेही तिच्याकडूनच कळले.

साध्या फळीवर पतंग सांभाळण्यात ती दोन हंगामांत तरबेज झाली होती. आता तिला फॉइल शिकायचे होते. त्याच सायंकाळी तिच्या पोटरीवरचा टाक्यांचा लांब व्रण माझ्या दृष्टीस पडला. चार महिन्यांपूर्वी तिने शर्यतीचा एक जुना फॉइल-संच स्वस्तात मिळतो म्हणून घेतला होता आणि तिसऱ्याच दिवशी पडताना पंखाची धार लागली होती. आम्हाला दूरध्वनीवर काहीही सांगितले नव्हते. “सांगितले असते, तर तुम्ही ‘सोडून दे’ म्हणाला असता,” ती म्हणाली.

ती बोलली ते खरे होते. सांगलीत कृष्णेच्या घाटावर, पाठीला सुका भोपळा बांधून, मी वयाच्या आठव्या वर्षी पोहायला शिकलो. हीच मुलगी आठ वर्षांची असताना तिने तोच हट्ट धरला, तेव्हा ‘मुलींना नदी कशाला’ म्हणून मी नकार दिला. त्या नकाराला काही आधार नव्हता. पुढे नोकरीला लागल्यावर ती परक्या शहरात, परक्या माणसांकडून पोहायला शिकली. म्हणून त्या सायंकाळी ‘सोडून दे’ हे शब्द मी गिळले आणि म्हणालो, “उद्या दुकानात मीही येतो.”

बँकेत पस्तीस वर्षे कर्जाचे अर्ज तपासले. ज्याला किराणा दुकान काढायचे आहे त्याने पहिल्याच वर्षी गिरणीचे यंत्र मागितले, तर आपण काय म्हणतो? येथेही तोच प्रश्न होता. दुकानातील तरुणाने शांतपणे सारे उलगडून दाखवले आणि माझ्यातील वाणिज्याचा विद्यार्थी जागा झाला.

पहिली बाब पंखाची. पाण्याची उचल पंखाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पंख निम्मा केला, तर तेवढेच वजन उचलण्यास वेग सुमारे 1.4 पट लागतो. शर्यतीचा पंख लहान आणि अरुंद. तो उचलतो तेव्हा वेग आधीच भयंकर झालेला असतो. नवख्याला 1200 ते 1500 चौरस सेंटिमीटरचा रुंद, जाड पंख हवा. तो कमी वेगात उचलतो आणि चूक झाली तरी सावरायला वेळ देतो.

दुसरी बाब दांडीची. शर्यतीची दांडी सुमारे मीटरभर लांब. 60 सेंटिमीटरची दांडी घेतली, तर पडणेही तेवढेच खालून होते. पुढे हात बसला की त्याच जोडणीवर 85 ची दांडी चढवता येते. म्हणून संच निवडताना त्याचे सुटे भाग निरनिराळ्या मापांत मिळतात ना, हे आधी पाहावे. कार्बनची दांडी हलकी पण फार महाग. शिकणाऱ्याला ॲल्युमिनियम पुरे.

तिसरी फळी. ती थोडी मोठी आणि फुगीर असावी, म्हणजे पाण्यात पाय ठेवताना बुडत नाही. पायांचे पट्टे सुरुवातीला लावू नयेत, पडताना पाय मोकळा सुटला पाहिजे, असा त्याचा सल्ला होता. हेल्मेट आणि छातीला आघातापासून जपणारे जाकीट यांवर मात्र काटकसर नाही.

संच वापरलेला होता, नव्याच्या निम्म्या किमतीत. मी तारण तपासावे तसा तो तपासला. खाऱ्या पाण्यात पोलादी स्क्रू ॲल्युमिनियममध्ये गंजून अडकतात. म्हणून प्रत्येक स्क्रू काढून पाहिला. दांडी बसते तेथे फळी अंगठ्याने दाबून ती कोठे मऊ पडली नाही ना, हे पाहिले. पंखाच्या कडेवरून बोट फिरवले. कन्या हसली, पण थांबवले नाही.

क्रिसी फील्डला ओहोटीचा प्रवाह ओढून नेतो आणि जहाजांची वाट जवळून जाते. ती जागा नवख्यांची नव्हे. आम्ही खाडीपलीकडे अलामेडाच्या किनाऱ्यावर गेलो. तेथील पाणी दूरवर उथळ, त्यामुळे ओहोटीला पंख चिखलात रुतण्याची भीती. भरतीचे वेळापत्रक पाहून, भरपूर पाणी असतानाच ती आत शिरली.

पहिल्या तासात ती कितीदा पडली हे मोजायचे मी सोडून दिले. प्रत्येक वेळी माझा हात छातीकडे जाई. मग एकदा फळी पाण्यातून अलगद वर आली. हातभर उंच, पूर्ण नि:शब्द. सात-आठ सेकंदच असतील. मग ती पुन्हा पडली आणि पाण्यातून हात उंचावून ओरडली.

किनाऱ्यावर आल्यावर तिने विचारले, “बाबा, तुमचा भोपळा कधी सुटला?”

मी सांगितले, की काकांनी एके दिवशी मला न सांगता त्याची गाठ सैल केली. भोपळा मागे वाहत गेला आणि मी पलीकडच्या पायरीला पोहोचल्यावरच मला ते कळले. तिने मोठा पंख गोड्या पाण्याने धुऊन पिशवीत ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात ती लांब दांडी घेणार आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मी नाकारलेल्या एका अर्जाची थकबाकी अंशतः तरी चुकती झाली, असे परतीच्या वाटेवर मला वाटत राहिले.